सतरा नंबर परतला

मित्रांनो, माझ्या पोटावर सतरा हा आकडा आहे आणि पाठीवर एक डोळा. मी पत्र्याचा एक जुना बिल्ला आहे. आकडा हस्तकलेच्या गुरुजींनी खिळा आणि हातोडी घेऊन ठोकला. डोळा मात्र माझ्या जन्माच्याही आधीचा आहे. पूर्वी मी बिस्किटांच्या एका मोठ्या डब्याचा भाग होतो आणि त्या डब्यावर एका हसऱ्या बाईचे चित्र होते. गुरुजींनी डबा कापून त्याच्या चोवीस गोल चकत्या केल्या, तेव्हा कोणाच्या वाट्याला तिचे केस आले, कोणाच्या वाट्याला दात, तर कोणाला नुसताच पिवळा रंग मिळाला. मला तिचा डावा डोळा मिळाला. हसरा चेहरा निघून गेला, की मागे राहिलेला एकटा डोळा हसत नाही. तो नुसता बघत राहतो. पहिल्या दिवशी गुरुजींनी मला उलटे करून पाहिले आणि पटकन पुन्हा सुलटे ठेवले, हे मला चांगले आठवते.

त्यांनी माझ्या कडा कानशीने घासल्या, भोक पाडून त्यात जाड सुती दोरी ओवली आणि आम्हा चोवीस भावंडांना वरांड्याच्या टोकाशी एका फळीवर, चोवीस खिळ्यांना टांगले. शेजारी सामानाच्या खोलीचे दार होते. माझे सगळे आयुष्य त्या दारापाशी गेले.

ती खोली मुलांच्या हाती कशी आली, तीही एक गंमतच आहे. विज्ञानाचे सर आणि इतिहासाच्या बाई यांचे तेव्हा विळ्याभोपळ्याचे सख्य होते. दोघांनाही तीच खोली हवी होती. सरांना प्रयोगासाठी, बाईंना जुने नकाशे ठेवण्यासाठी. "दोघं मिळून वापरा, नाहीतर कोणालाच मिळणार नाही," असे मुख्याध्यापकांनी वैतागून सांगितले. आठ दिवस दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले, ते थेट मंगळाविषयीच. आठवीच्या मुलांनी त्या खोलीत मंगळावरची वसाहत उभारायची, असे ठरले. माणसाला हवा किती लागते, पाणी पुन्हा कसे वापरायचे, ऊब कशी टिकवायची, हे सर शिकवणार. पूर्वी माणसे गलबतांत बसून अनोळखी किनाऱ्यांवर गावे वसवायला गेली, त्यांतली काही का टिकली आणि काहींचा मागमूसही का उरला नाही, हे बाई शिकवणार. मुलांना दोन्ही विषय एकदमच गोड लागू लागले.

खोली अशा कामाला अगदी योग्य होती. तिला खिडकी नव्हती. वर छताजवळ एक झरोका होता आणि त्याला पत्र्याची झडप होती. दार जाड लाकडाचे. कडी बाहेरून. आतली मूठ केव्हाच तुटून गेलेली.

आमचे काम सोपे होते. आत जाताना प्रत्येकाने आपला बिल्ला खिळ्यावरून काढून गळ्यात घालायचा आणि बाहेर आल्यावर पुन्हा त्याच खिळ्याला लावायचा. खिळा मोकळा दिसला, की त्या नंबरचा माणूस अजून आत आहे, असे समजायचे. बाईंनी फळीवर सुबक अक्षरांत लिहून ठेवले होते, "बिल्ला परतला म्हणजे माणूस परतला." मला या वाक्याचा फार अभिमान वाटे. पत्र्याच्या तुकड्याला माणसाइतकी किंमत देणारे वाक्य ते! तेव्हा मला त्यात काहीच वावगे दिसले नाही.

पहिल्या वर्षीच्या मुलांनी वसाहतीसाठी प्राणवायूचा हिशेब चोख केला. टाक्या किती, नळ्या किती, सगळे अगदी बारकाईने काढले. पण आपण जो श्वास बाहेर टाकतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड बंद खोलीत साठत जातो, हे कोणाच्या ध्यानीमनीही आले नाही. सरांनी दोन महिने वाट पाहिली. मग एका सकाळी फळ्यावर लिहिले, "एकेचाळिसावा दिवस. सगळे झोपले. कोणी उठले नाही."

मुले आधी हसली. मग आपापल्या वह्यांतला हिशेब पुन्हा तपासू लागली. बाईंनी वसाहतीची रोजनिशी उघडून प्रत्येकाला शेवटची ओळ लिहायला सांगितली. कोणी आईला निरोप लिहिला, कोणी झाडांना पाणी घाला असे लिहिले. मी तेव्हा एका हट्टी मुलाच्या गळ्यात होतो. तो काही केल्या मरायला तयार होईना.

"मी नाही मेलो," तो म्हणाला. "मी जागा होतो."

"अरे, गणितच तसं आहे," सर म्हणाले.

त्याने कोणाचेही न ऐकता लिहिले, "मी दार वाजवत आहे. कोणीतरी उघडेल."

"खोडायचं का, बाई?" सरांनी विचारले.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "जुन्या कागदांत अशी पानंही सापडतात."

पुढे दर वर्षी नव्या मुलांच्या हाती आधीच्या वसाहतींचे अवशेष येत. पुठ्ठ्याच्या भिंती, नकाशे आणि ती रोजनिशी. सगळे जण ते पान वाचत. वारा सुटला, की झरोक्याची झडप थाडथाड आपटे, आणि मुले डोळे मोठे करून म्हणत, "पहिली वसाहत दार वाजवतेय!" सरही चेष्टेत भर घालत. "या या, हजेरी लावायला आलात वाटतं," असे ते दाराकडे बघून म्हणत. शिपाईकाका तर झाडता झाडता दाराला दटावत, "गप बसा रे आत!" हळूहळू तो आवाज सगळ्यांच्या इतका अंगवळणी पडला, की त्याच्याकडे कोणी मान वळवूनही बघेना.

वर्षे गेली. एका वर्षीची वसाहत शंभर दिवस टिकली, एका वर्षीची तीनशे. दुसऱ्या शाळांचे शिक्षक बघायला येत आणि आम्हाला बोटाने हलवून पाहत. कौतुक सगळ्यांचे होई, पण सतरा नंबर मात्र कोणालाच नको असे. मेलेल्या मुलाचा बिल्ला, त्यात पाठीवर तो डोळा! मुले माझ्यापासून चार हात लांबच राहत. दोन वर्षे मी खिळ्यावरच लटकलो. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, मला वाईट वाटे.

मग मुंगी आली.

ती अगदी चणीने बारीक आणि बोलण्यात त्याहून बारीक, म्हणून तिला मुंगी म्हणत. वाटपाच्या दिवशी ती रांगेत शेवटी उभी होती, तिची पाळी येईपर्यंत मी एकटाच उरलो होतो. तिने मला उलटे केले, डोळ्याकडे बराच वेळ पाहिले आणि हळूच म्हणाली, "तू भिंतीकडे बघ हं, म्हणजे मला भीती नाही वाटणार." त्या दिवसापासून ती मला नेहमी डोळा भिंतीकडे करूनच टांगे. तिच्याकडे वसाहतीतल्या रोपांचे काम होते. सगळ्यात मागच्या मांडणीखाली, ओल्या मातीच्या ट्रेमध्ये ती रोपे वाढवी. तिची बोटे कायम मातीने भरलेली असत आणि मला खिळ्यावर लावताना माझ्या आकड्यावर तिच्या अंगठ्याचा चिखलाचा ठसा उठे. तो मला दागिन्यासारखा वाटे, पण पुढच्या वेळी गळ्यात घालताना ती तो पुसून टाकी.

तिची मैत्रीण म्हणजे टकळी. नाव कसे पडले ते सांगायलाच नको, तिची टकळी सकाळी सुरू झाली की शाळा सुटेपर्यंत थांबत नसे. मुंगीच्या वाटचेही तीच बोलून टाकी.

त्या वर्षीची मुले फार हुशार होती. आपली वसाहत नावाची नाही, तर खरोखर हवाबंद करायची, असे त्यांनी ठरवले. पेटती मेणबत्ती घेऊन ती भिंतीच्या कडेकडेने फिरली. जिथे ज्योत लवे तिथे फट आहे असे ओळखून तिथे ओली माती लिंपली, कागद चिकटवले. झरोक्याची झडपही चारी बाजूंनी मातीने बुजवून टाकली. दाराला आतून जुन्या चटया ठोकल्या. सरांनी फळ्यावर गणित घातले. खोली पाच मीटर लांब, चार रुंद, तीन उंच. म्हणजे साठ हजार लिटर हवा. एक माणूस तासाला साधारण वीस लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो खोलीत सहाशे लिटर साठला, की डोके जड व्हायला लागते. ती आपली मर्यादा. चोवीस जण असतील, तर सव्वा तासात मर्यादा गाठली जाईल. म्हणून खेळ पाऊण तासाचाच, आणि धोक्याची घंटा झाली की तीन मिनिटांत सगळ्यांनी बाहेर पडून बिल्ले लावायचे.

चोवीस मुले एका फळीवर तुटून पडली, की तीन मिनिटे कधीच पुरत नसत. मग मुलांनी एक युक्ती काढली. दाराजवळच्या चार जणांनी बाकीच्यांचे बिल्ले गोळा करायचे आणि झटपट लावून टाकायचे. टकळी यात सगळ्यांत चपळ. पाच-सहा बिल्ले ती एका दमात लावी. बाईंनी ते पाहिले आणि त्या खूश झाल्या. "एकमेकांचा भार उचलताय, छान!" असे त्या म्हणाल्या. सरांनी घड्याळ बघून मान डोलावली. कोणाच्याही मनात शंका आली नाही. मला सवय नव्हती, म्हणून जरा चुकल्यासारखे वाटले, इतकेच. माझे माणूस एकीकडे आणि मी दुसरीकडे, असे त्याआधी कधी झाले नव्हते.

त्या दिवशी शाळा अर्धाच दिवस होती. दुसऱ्या दिवशी सुट्टी. शेवटचा तास वसाहतीचा, बारा वाजता संपणारा. मुंगीने पाणी घालण्याआधी मला गळ्यातून काढून मांडणीच्या खिळ्याला अडकवले, कारण माझी दोरी ट्रेमधल्या पाण्यात बुडे. मग ती छोटी बॅटरी आणि मोजपट्टी घेऊन मांडणीखाली पालथी पडून रोपांची उंची मोजू लागली.

घंटा झाली. "मुंगे, चल!" टकळी ओरडली.

"आले, दोनच राहिलीत," मांडणीखालून आवाज आला.

तो टकळीपर्यंत पोहोचला की नाही, मला माहीत नाही. तिने झडप घालून मला उचलले, वाटेत आणखी पाच बिल्ले ओढले आणि ती वरांड्यात धावली. एकामागून एक आम्ही खिळ्यांवर चढलो. घाईत मी उलटा लागलो. डोळा बाहेर.

"एक मिनिट पन्नास सेकंद!" सर ओरडले. "आजवरचा विक्रम!"

चोवीस खिळे भरलेले होते. बाईंनी फळीवरून बोट फिरवत मोजले आणि हसून मान हलवली. सरांनी कडी घातली, कुलूप लावले. मुले टाळ्या पिटत होती, शिट्ट्या मारत होती. त्या टाळ्यांमध्ये दारावर पहिली थाप पडली. ती माझ्याशिवाय कोणी ऐकली नाही. मी दारापासून वीतभर अंतरावर होतो आणि थापेने माझा खिळा थरथरला.

मित्रांनो, पत्र्याला घसा नसतो. मी सतरा नंबर, सगळ्यांना दिसेल असा लटकत होतो आणि मुंगी बाहेर आली आहे, असे डोळा उघडा ठेवून सांगत होतो. माझ्याइतका मोठा खोटारडा त्या शाळेत दुसरा नव्हता.

दप्तरे घेऊन सगळे गेले. टकळीने फाटकापाशी इकडेतिकडे पाहिले, मुंगी पुढे गेली असेल असे समजून ती बडबडत दुसऱ्या मुलींबरोबर निघून गेली. अर्ध्या शाळेच्या दिवशी मुंगी कधी घरी जाई, कधी मावशीकडे. आईला वाटले ती मावशीकडे आहे. मावशीला वाटले ती घरी आहे.

वरांडा रिकामा झाला. ऊन फरशीवरून सरकत फळीच्या पायाशी आले. थापा थोड्या वेळाने पुन्हा पडल्या. नऊ. मी मोजल्या. चटयांमुळे आवाज दबका येत होता, लाकडाच्या पोटातून आल्यासारखा. शिपाईकाका झाडू घेऊन आले आणि दारापाशी थबकले.

"झालं सुरू," ते म्हणाले. "पोरं गेली तरी तुम्हाला चैन नाही." आणि झाडत झाडत पुढे गेले.

त्यानंतर बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. इतके शांत, की शेजारच्या नंबर सोळाची दोरी माझ्या कडेला घासत होती तेही मला ऐकू येत होते.

मग पुन्हा सुरू झाले. पण आता थाप वेगळी होती. एक. मग मोठा खंड. मग पुन्हा एक. घाईच नाही. दार उघडेल याची ज्याला खात्री आहे आणि वाट बघायची ज्याला सवय आहे, तो माणूस असे वाजवतो. माझा डोळा बाहेर होता, वरांड्याकडे. दारासमोर कोणी नव्हते. झाडाचे पान हलत नव्हते. प्रत्येक थापेबरोबर माझा खिळा थरथरत होता, आणि आवाज दाराच्या नेमक्या कोणत्या बाजूने येतो आहे, हे इतक्या जवळ असूनही मला कळेना. दोन वाजले, तीन वाजले, चार वाजले. थाप थांबली नाही.

बाई शिक्षकांच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत बसल्या होत्या. पाच वाजता काका किल्ल्यांचा जुडगा घेऊन त्यांच्याकडे गेले. दोघे बोलत बोलत वरांड्यात आले.

"निघा आता, बाई. शाळा बंद करतो. आज तुमच्या त्या पहिल्या वसाहतीनं डोकं उठवलंय हो. दुपारपासून चाललंय."

"झडप वाजत असेल, काका."

"अहो, वाराच नाही आज."

बाई चालता चालता थांबल्या. "आणि झडप तर पोरांनी मातीनं बुजवलीय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्याच क्षणी दारावर एक थाप पडली. काकांनी जुडगा छातीशी धरला.

बाईंनी फळीकडे पाहिले. चोवीस खिळे, चोवीस बिल्ले. त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला, पण क्षणभरच. त्यांची नजर माझ्यावर अडली. मी त्यांच्याकडे टक लावून बघत होतो. वस्तूवर काय लिहिले आहे ते नंतर वाचा, आधी वस्तू कशी झिजली आहे, कुठे मळली आहे ते बघा, असे त्या मुलांना नेहमी सांगत. त्यांनी मला खिळ्यावरून काढले. माझा आकडा अंगठ्याने चोळला. अंगठा कोराच राहिला.

"माती नाही," त्या म्हणाल्या. "काका, हा मुंगीनं लावलेला नाही. कुलूप काढा. अहो बघताय काय, काढा!"

काकांच्या हातातून किल्ली दोनदा पडली. दार उघडले तेव्हा आत मिट्ट काळोख होता आणि ओल्या मातीचा वास आला. मुंगी रोपांच्या ट्रेजवळ फरशीवर उताणी पडली होती. बॅटरी विझलेली, रोजनिशी छातीवर. बाई धावत आत गेल्या. मग मुंगीने उजेडाकडे मान वळवली.

"बाई, किती वाजले?"

"पाच... पाच वाजून गेले गं."

"मग अजून सात तास होते," मुंगी म्हणाली आणि त्यानंतर रडायला लागली.

बाईंनी तिला उचलून घेतले. मी बाईंच्या मुठीत होतो आणि तिच्या पाठीवर दाबला जात होतो. तिच्या अंगाची ऊब मला लागली. 

रोजनिशीत तिने सगळे लिहून ठेवले होते. बॅटरीच्या उजेडात काढलेली वाकडी अक्षरे. चोवीस जणांनी पाऊण तासात तीनशे साठ लिटर सोडला. मर्यादेला दोनशे चाळीस उरला. मी एकटी, तासाला वीस. म्हणजे बारा तास. दार उघडले तेव्हा थोडी हवा बदलली असेल, ती मी धरत नाही. पडून राहिले तर कमी लागेल. शाळा परवा सकाळी उघडेल. त्यापुढे तिने काही लिहिले नव्हते, नुसती एक रेघ ओढली होती. निरोप मिळताच धावत आलेल्या सरांनी ते वाचले आणि ते खुर्चीत बसूनच राहिले. खोली काही खरी हवाबंद नव्हती, तिचा जीव गेला नसता, असे ते इतरांना समजावत होते. 

रेघेच्या वर आणखी एक ओळ होती. "घड्याळात एक वाजले तेव्हा नऊ वेळा दार वाजवलं. धाप लागते. आता वाजवणार नाही."

काकांनी ती ओळ तीनदा वाचून घेतली. "बाळ, मग दुपारभर कोण वाजवत होतं?"

मुंगी म्हणाली, "मलाही आवाज येत होता, काका. मला वाटलं बाहेरून तुम्ही वाजवताय. मी 'आत आहे' म्हटलं की थोडा वेळ थांबायचा, मग परत यायचा. तो येत होता म्हणून मी जागी राहिले."

सर शिडी लावून झरोक्यापर्यंत चढले. माती तशीच होती, तिला तडाही नव्हता. ते खाली उतरले. दुपारभर आत मुंगी होती, बाहेर काका आणि मध्ये, दाराच्या चौकटीशी मी, तरी मलाही माहीत नाही. जे माहीत नाही ते मी सांगणार नाही, एकदा खोटे बोललो तेवढे पुरे झाले.

पुढचे दिवस वाईट गेले. मुंगीची आई शाळेत आली. ती ओरडली नाही. तिने फळीवरचे वाक्य वाचले, माझ्या रिकाम्या खिळ्याला हात लावला आणि बाईंना एवढेच विचारले, "तुम्ही हिला बघितलं नव्हतंत का?"  खोलीला टाळे लागले. बिल्ले खोक्यात गेले. मी मात्र बाईंच्या टेबलावर राहिलो. त्या तपासताना मधूनच मला उलटे करून माझ्या डोळ्याकडे बघत, स्वतःला शिक्षा दिल्यासारख्या.

सगळ्यांत मोठा फटका बसला टकळीला. तिला कोणी एक शब्द बोलले नाही. पण तिच्या तोंडाला जे कुलूप लागले, ते लागलेच. हजेरीला ती नुसता हात वर करी. मुंगी डबा घेऊन शेजारी बसली, तर उठून दुसऱ्या बाकावर जाई. मुंगी तिला रोज हाक मारी, आणि जिचे बोलणे कालपर्यंत कोणाला ऐकू येत नसे, तीच आता दोघींच्या वाटचे बोलू लागली होती.

महिनाभराने मुंगी मुख्याध्यापकांकडे गेली. तिच्या हातात वसाहतीचा नवा आराखडा होता. "आमच्या वसाहतीत हवा बघणारा होता, पाणी बघणारा होता," ती म्हणाली, "पण सगळे बाहेर आल्यावर परत आत जाऊन 'कोणी राहिलंय का' असं विचारणारा कोणीच नव्हता. तेवढं एक काम वाढवायचंय. एकदाच खोली उघडून बघू द्या. मी करते ते काम."

मुख्याध्यापकांनी तिच्या आईला विचारले. आईने बराच विचार करून होकार दिला, पण मी दारात उभी राहीन, असे सांगितले.

त्या दिवशी सगळा वर्ग वरांड्यात उभा होता. मी बाईंच्या मुठीत होतो. दार सताड उघडे. मुंगी एकटी आत गेली, अगदी मागच्या मांडणीपर्यंत. तिथे वाळलेली रोपे तशीच होती. "कोणी राहिलंय का?" तिने विचारले. मग ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. ती इतका वेळ उभी राहिली, की पुढची मुले मागे सरकली आणि काकांनी कपाळावरचा घाम पुसला. अखेर ती बाहेर आली. आता मोजणी. तिने बिल्ल्यांच्या फळीकडे ढुंकूनही पाहिले नाही. एकेका मुलासमोर उभे राहून, त्याच्या खांद्यावर बोट ठेवून ती मोजत गेली. वीस. एकवीस. बावीस. तेवीस.

पुढे कोणी नव्हते.

तिने पुन्हा मोजले. तेवीस.  बाईंची मूठ माझ्याभोवती अशी आवळली, की माझी कड वाकली. ती अजून वाकडी आहे. सर खोलीकडे धावले. एक मुलगी हुंदके देऊ लागली. मुंगी उघड्या दाराकडे बघत होती.

तेव्हा रांगेच्या टोकाकडून टकळी आली. कोणाला ढकलत नाही, घाईत नाही. मुंगीसमोर येऊन तिने आपले बोट मुंगीच्या छातीवर ठेवले. महिनाभर बंद असलेला तिचा आवाज घोगरा झाला होता.

"चोवीस," ती म्हणाली. "तू मोजलीच नाहीस गं स्वतःला. तू आहेस. चोवीस." आणि ते बोट तिने तिथून कितीतरी वेळ उचलले नाही.

मित्रांनो, मी पत्र्याचा आहे. मला खिळ्याला टांगा, खोक्यात टाका, नाहीतर भंगारात द्या, माझी काही तक्रार नाही. पण माणसे मोजायची वेळ आली, तर माझ्याकडे बघू नका. बोट माणसावर ठेवा.